दोन्ही हात कॅमेऱ्यावर

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात कैऱ्या फोडणारे येऊन बसले की आमच्याकडे उन्हाळा खरा सुरू झाला असं धरतात. लाकडी पाटाला बिजागरीनं बसवलेलं जाड पातं, त्याखाली कैरी, वरून एक दणका, आणि कोयीसकट फोडी. आंबट वास पार बसस्टॉपपर्यंत येतो. यंदा ते आले त्याच दिवशी मी फ्रिजच्या दारात, इडलीच्या पिठाशेजारी ठेवलेली फिल्मची डबी बाहेर काढली. गार डबी लगेच उघडायची नसते, आधी खोलीची हवा लागू द्यायची, नाहीतर आत ओल धरते, हे मला आता माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात मला या विषयातलं काहीच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या अडाणीपणाची मला आता जरा आठवण येते.

ती फिल्म ज्यात घालतात तो हलत्या चित्रांचा जुना कॅमेरा मला सुलतान बाजारात सापडला. बायकोनं, मेधानं, साडीला फॉल आणायला पाठवलं होतं. फॉलच्या दुकानाशेजारी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारं एक अरुंद दुकान आहे, त्याच्या काचेत हा बसला होता. राखाडी रंग, खाली मूठ, मुठीला बोटाचा खटका, पुढं वाटीएवढी लेन्स. लहानपणी लग्नांतून असा कॅमेरा कुणाच्या तरी श्रीमंत काकांच्या हातात पाहिला होता, आणि आपल्याकडे वळला की तोंड लपवलं होतं. दुकानदार म्हणाला, "ले जाओ साब, लेकिन इसकी रील अब बनती नै. शोकेस में रखो, अच्छा दिखता." मी हौ म्हटलं आणि घेऊन आलो. फॉल विसरलो. घरी येऊन शोधलं तर रील बनते, आजही बनते, जगात कुठंकुठं बरीच वेडी माणसं ती वापरतात. आपण एकटे नाही हे कळल्यावर वेड लवकर वाढतं.

मेधा मूळची पुण्याची. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इकडे आली आणि माझ्यामुळे अडकली, असं ती पाहुण्यांना सांगते. कॅमेऱ्याच्या पोटात जुने सेल फुटून हिरवट खार धरला होता. तो मी लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं पुसत बसलो, तेव्हा ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली की लोक या वयात बागकाम करतात. पण थोड्या वेळानं कापूस तिच्याच हातात होता. नवे सेल घातले, खटका दाबला, आणि इतकी वर्षं मेलेलं ते यंत्र कुरकुर करत फिरायला लागलं. आम्ही दोघंही दचकलो. मग आळीपाळीनं नुसतंच दाबून पाहिलं. तो आवाज शिवणयंत्रासारखा आहे, आणि तो ऐकला की बोट सोडवत नाही.

या छोट्या फिल्मची गंमत तिच्या नकारांत आहे. एक डबी म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. काय आलं ते लगेच बघायचं नाही; डबी दूरच्या लॅबला धाडायची आणि वाट बघायची. ऊन हवं, संध्याकाळचं मिणमिण चालत नाही. कॅमेरा इकडेतिकडे फिरवायचा नाही, नाहीतर बघणाऱ्याला मळमळतं. आणि आवाज नाही. मी या अटी वाचत होतो, प्रत्येकीवर "हे काय आता" म्हणत होतो. आवाजाच्या अटीपाशी थांबलो, आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा सोलणाऱ्या आत्याकडे बघितलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. नांदेडकडच्या आमच्या गावात तेव्हा अशा मुलीसाठी शाळा कुठली असणार? शेतावर अण्णा आणि ती, दोघं भावंडं दिवसभर एकत्र. तिथं त्या दोघांनी हातांची एक बोली तयार केली. ती कुठल्या पुस्तकात नाही, शहरातल्या मूकबधिरांना कळत नाही. अण्णांची खूण म्हणजे स्वतःचा कान पिळणं, कारण मास्तर त्यांचा कान रोज पिळायचे. मी म्हणजे मुठीनं डोळा चोळणं; लहानपणी मी रडका होतो. मेधा आली तेव्हा आत्यानं एका दिवसात तिला नाकावर चष्मा सरकवणारं बोट देऊन टाकलं. हैदराबाद म्हणजे चार बोटं उभी. मरण म्हणजे तळहात पालथा. खोटं म्हणजे नाकाचा शेंडा खाजवणं, आणि ही खूण ती माझ्यासाठी पुष्कळ वापरायची.

अण्णा ही बोली अस्खलित बोलायचे. मला समजते सगळी, पण माझे हात बोबडे आहेत. संध्याकाळी गॅलरीत ती दोघं बसली की घरातल्या सगळ्यांत मोठ्या गप्पा तिथं चालायच्या, आणि आवाज काय तो तिच्या बांगड्यांचा. एका बसल्या जागी ती अख्खं गाव उभं करायची. कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, मग कोण कसं चालत आलं, कशी शिवी दिली. शिवीची खूण आल्यावर अण्णा आमच्याकडे बघून गोरेमोरे व्हायचे.

अण्णा मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या थंडीत गेले. आत्या फार रडली नाही. पण तिचे हात बसले. पाणी, चहा, औषध, दार लाव. एवढंच ती बोलायची. गॅलरीत जाऊन बसायची ती हात मांडीवर ठेवून. मी समोर बसून काहीतरी विचारलं तर हो किंवा नाही. एकदा मी तिला त्या म्हशीची गोष्ट सांग म्हणून खूण केली, तर ती उठून गेली. मला भीती वाटायला लागली. ती आजारी नव्हती, जेवत होती, पण तिची बोली डोळ्यांदेखत आखडत चालली होती. ती बोली बोलणारी दोनच माणसं जगात होती, त्यातलं एक गेलं. दुसरं गप्प झालं तर ती संपलीच, आणि आपल्याजवळ उरणार चार खुणा, तोतऱ्या.

फोन होता की, असं कुणीही म्हणेल. मेधाही म्हणाली. फोनवर मी करून बघितलं होतं. फोन समोर धरला की आत्याला काचेत स्वतःची छबी दिसायची, आणि मग ती पदर सारखा करण्यात गुंतायची. घेतलेलं लगेच बघायला मागायची, केस किती पिकलेत अशी खूण करायची, आणि पुसून टाक म्हणायची. मला वाटलं, ज्यात लगेच काही दिसतच नाही असं यंत्र तिच्यासाठी बरं. शिवाय जिथं मुळात आवाजच नाही तिथं तिचं काही कमी पडणार नाही. विचार मला फार आवडला. मी दोन दिवस तो येईल त्याला ऐकवला.

फिल्म आली. ती कॅमेऱ्यात घालायला काही कौशल्य लागत नाही, डबी खाचेत बसवली की झालं, पण मेधानं आणि मी देवघरात बसल्यासारखं गप्प होऊन ती बसवली. फिल्म करंगळीच्या नखाहून अरुंद. त्या एवढ्याशा पट्टीवर एवढीएवढीशी चित्रं ओळीनं बसणार आणि त्यातून माणूस चालणार, हे मला समजलेलं असूनही पटत नव्हतं. पहिले काही क्षण मी अंगणातल्या कडुनिंबावर घालवले. थोडे नारायणगुड्याच्या चौकातल्या बसवर. थोडे मेधावर, तिनं पाठ फिरवली. बाकीची सगळी फिल्म आत्यासाठी राखली.

दिवसही ठरवून निवडला. खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मम्मा आणि आत्या दर उन्हाळ्यात गच्चीवर मिळून आवकाय, म्हणजे इकडचं मोहरीतलं कैरीचं लोणचं, घालतात. कैरीची प्रत्येक फोड फडक्यानं कोरडी पुसायची, मग मोहरीची पूड, तिखट, मीठ, तेल, आणि मोठ्या परातीत कोपरापर्यंत हात घालून कालवायचं. लक्ष्मम्मा तेलुगूत अखंड बोलतात, आत्याला ऐकू येत नाही याची त्यांनी कधी पर्वा केलेली नाही. आणि आत्या दरवर्षी त्यांना मीठ कमी, तेल जास्त, अजून पुसा, असं हातांनी दटावत असते. अण्णा गेल्यावरही लोणच्यापुढं ती गप्प बसणार नाही, असा माझा हिशेब. ऊनही भरपूर. मी टोपी घालून, घाम पुसत, कॅमेरा घेऊन वर गेलो.

लक्ष्मम्मांनी "एंटि बाबू इदि?" म्हणून हे काय आणलंस ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोडी पुसत राहिल्या. आत्यानं मात्र कॅमेरा बघितला, आणि हातातली फोड खाली ठेवली. हात फडक्याला पुसले. पदर खांद्यावरून घेतला. उठून कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं, आणि लेन्सकडे बघत राहिली. मी खटका दाबला. आता हलेल, आता काही बोलेल, म्हणून दाबूनच ठेवला. ती उभी.

मला तिला सांगायचं होतं की आत्या, बोल, हात सोड, लोणच्याचं काहीतरी सांग. पण कशानं सांगणार? माझा एक हात मुठीवर, दुसरा लेन्स फिरवायच्या कड्यावर. दोन्ही हात कॅमेऱ्यावर गेले की त्या बोलीत माणसाची वाचाच जाते, हे मला तिथं गच्चीवर, एक डोळा मिटलेल्या अवस्थेत कळलं. यंदा मी ट्रायपॉड आणला आहे तो त्यासाठी. तेव्हा मी नुसती मान हलवली, भुवया उडवल्या. तिला वाटलं, नीट उभी राहा म्हणतोय. ती आणखी ताठ झाली. यंत्राची कुरकुर चालू, लक्ष्मम्मांची तेलुगू चालू, आणि मग कॅमेऱ्याचा आवाज बदलला. डबी काढून बघितली तर तिच्या खिडकीतल्या पट्टीवर फिल्म संपल्याची छापील अक्षरं आली होती.

आत्यानं मनगट सोडलं आणि झालं का, अशी खूण केली. मग परत जाऊन परातीपाशी बसली. मेधानं खाली आल्यावर साधा प्रश्न विचारला, की ती हलत नव्हती तर बोट का नाही काढलंस. मी म्हटलं, काढणारच होतो. मेधानं नाकाचा शेंडा खाजवला.

फिल्म लॅबला गेली. मग कित्येक आठवडे काही नाही. मी स्वतःची समजूत घालत होतो की निदान ती उभी तरी आली असेल. या वाट बघण्यात एक चमत्कारिक गोष्ट होते: जे आपण डोळ्यांनी पाहिलं तेही आपल्याला नक्की आठवेनासं होतं. ती खरंच सबंध वेळ निश्चल होती का? मधे एकदा तरी बोट हललं असेल. मी मेधाला विचारायचो आणि ती म्हणायची, "आता मला छळू नकोस, लॅबला छळ."

त्याच दिवसांत पावसापूर्वीची आवराआवर करताना जुने फोटो निघाले. मेधा ते चटईवर मांडून बघत होती. तिनं मला बोलावलं.

"अण्णांनी प्रत्येक फोटोत आत्यांचे हात का धरलेत?"

मी बघितलं. गावाकडचा स्टुडिओतला, आईबापांच्या मागं दोघं उभी असलेला. अण्णांच्या लग्नातला, तिथं तर त्यांनी नवरीचा सोडून बहिणीचा हात धरलाय. माझ्या मुंजीतला. जन्मभर हे फोटो बघत आलो आणि बहिणीवरची माया म्हणून पुढं गेलो. मेधाला बाहेरून आल्यामुळे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, आणि हे ती मला अधूनमधून ऐकवते तेव्हा मला आवडत नाही. त्या दिवशी आवडलं. फोटो घेऊन मी आत्याकडे गेलो आणि का म्हणून विचारलं.

तिनं डोक्यावरून काळं कापड घेतलेला फोटोवाला हातांनी दाखवला. त्यानं तोंड उघडून काहीतरी ओरडून सांगितलेलं दाखवलं. ते तिला ऐकू आलं नव्हतं, ती बोलतच राहिली होती. मग हवेत, स्वतःच्या हातांच्या जागी, तळव्यानं धूसर फराटा ओढला. फोटो बिघडला होता. मग वडिलांचा राग. मग कान पिळून अण्णा, आणि पुढच्या फोटोच्या वेळी अण्णांनी तिचे हात कसे घट्ट धरून ठेवले ते. तेव्हापासून कॅमेरा म्हणजे हात बंद. आता धरायला कुणी नाही, म्हणून गच्चीवर तिनं आपले आपणच धरले होते. मी पुढं काही विचारणार तर तिनं चहाचं भांडं दाखवलं. संपलं बोलणं.

फिल्म लॅबमधून धुऊन आली तेव्हा ऊन अजून होतं. दाखवायचं यंत्र सुलतान बाजारच्या त्याच दुकानदाराकडून आणलं. रील बनत नाही या मतावर तो अजून ठाम होता, मी रील त्याच्या हातात दिली तरी. भर दुपारी आम्ही खिडक्यांना रजया टांगल्या, भिंतीवर पांढरी चादर ठोकली, पंखा बंद केला कारण चादर हलत होती, आणि घामानं निथळत बसलो. मी दिवा लावला. कडुनिंब आला. इतका हिरवा कडुनिंब मी आमच्या अंगणात कधी बघितलेला नाही. बस आली, धुरकट, वाकडी. मेधाची पाठ आली. मग आत्या.

मागं निळं आकाश, पायाशी तिखटाचा लाल ढीग, आणि मधे ती. सबंध वेळ निश्चलच होती, बोट हललं नव्हतं. पण उभं राहणं इतकं हलतं असतं हे मला माहीत नव्हतं. श्वास वरखाली होत होता. पापण्या मिटत होत्या. पदराचं टोक उडत होतं. डाव्या मनगटावर उजवी बोटं मधेच आणखी आवळत होती. मेधा आधी हसली, मग पुढं सरकून बसली. तिची बोली टिपायला गेलो आणि तिचं गप्प बसणं टिपून आणलं, आता हेच जन्मभर लावून बघायचं, असं वाटलं.

आत्या उठली. चादरीपाशी गेली. तिची सावली स्वतःवरच पडली म्हणून जरा बाजूला झाली आणि त्या उभ्या बाईकडे बघून तिनं तळहात उताणा करून हलवला: काय? चादरीवरची बाई हलली नाही. आत्यानं पुन्हा विचारलं, हात का बांधलेस? मग तिनं चादरीवर, बरोबर त्या मनगटाच्या जागी, एक चापट मारली. चादर हेलकावली आणि त्यातली बाईही. आत्यानं स्वतःचा कान पिळला. तळहात पालथा केला. आणि मग आपले दोन्ही हात त्या उजेडात वर धरून, त्या बाईच्या तोंडासमोर झटकून दाखवले.

अण्णा गेला. हे हात इथंच आहेत.

मेधाला ही बोली फारशी येत नाही. पण तिनं माझा दंड धरला.

आत्या माझ्याकडे वळली. मुठीनं डोळा चोळून मला हाक मारली आणि विचारलं, तू का गप्प होतास तिथं? मी कॅमेरा धरल्यासारखे दोन्ही हात वर करून दाखवले आणि मान हलवली. तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती हसली, घशातून येणारा तो तिचा जाडसर आवाज आला. अण्णा गेल्यापासून तो घरात आला नव्हता. तिनं दोन्ही हात काखेत खुपसून दाखवले. मुका. मी मुका झालो होतो, आणि मुक्यापुढं ती काय बोलणार?

फिल्म संपली. शेपूट चाकावर फटफट वाजत राहिलं आणि चादर नुसती पांढरी झाली. त्या पांढऱ्यातच उभी राहून आत्या सांगायला लागली: उन्हाळा, शेत, कैऱ्यांनी भरलेलं झाड, वर कान पिळलेला पोरगा, खाली झोळी धरून ती, आणि कुंपणापलीकडून येणारं कुणीतरी. मेधा दिवा बंद करायला उठली, हात बटणापर्यंत नेला, आणि तशीच परत बसली. रजयांच्या काळोखात आम्हाला एकमेकांचे हात दिसले नसते. येणारं माणूस कोण होतं ते मला कळेना. मी मधेच तोडून विचारलं. खूण चुकली असणार, कारण आत्या थांबली, दोन पावलं पुढं आली, माझी बोटं धरून नीट वळवून दिली, मला एकदा पुन्हा करायला लावली, आणि मग पुढं सांगू लागली.